मेलेली पेशी परत येत नाही, मग हात परत कसा येतो?

नागपुरात मे महिन्यात ‘स्ट्रोक’ म्हटले की आधी ऊन आठवते. काटोलजवळ राहणाऱ्या आमच्या मामांच्या बाबतीत नेमके हेच झाले. भर दुपारी संत्र्याच्या बगिच्यातून परतल्यावर त्यांचा उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढले गेले आणि शब्द जड झाले. लू लागली असे समजून घरच्यांनी त्यांना सावलीत निजवले, डोक्यावर ओला दुपट्टा ठेवला आणि कैरीचे पन्हे पाजायला घेतले. पहिल्याच घोटाला जोराचा ठसका लागला. त्या ठसक्याचा अर्थ तेव्हा कोणालाच उमगला नाही: गिळण्याच्या स्नायूंवरचाही ताबा सुटला होता, आणि अशा अवस्थेत तोंडाने दिलेले काहीही श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. उष्माघाताने सगळे शरीर तापते आणि शुद्ध हरपू लागते, पण तो शरीराची एकच बाजू निवडत नाही. एका बाजूचा हात, एका बाजूचे तोंड आणि वाचा एकदम गेली, तर तो लकवा, म्हणजे मेंदूचा स्ट्रोक, समजूनच धावायला हवे. आमची गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली तेव्हा सहा तास उलटून गेले होते.

पुढे मामींनी एक प्रश्न विचारला, आणि हा लेख त्याच प्रश्नातून आला आहे. मेंदूचा गेलेला भाग पुन्हा तयार होणार नाही असे डॉक्टर सांगतात, आणि तेच डॉक्टर रोज हात हलवायलाही सांगतात. मग हे दोन्ही खरे कसे?

आधी त्या सहा तासांविषयी. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो, आणि अडीअडचणीसाठी साठा असा काहीच ठेवत नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आणि उपचार मिळाला नाही, तर त्यांपैकी सरासरी १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. मात्र सगळ्या पेशी एकाच वेळी मरत नाहीत. पाटाचे पाणी तुटल्यावर मधल्या वाफ्यातील रोपे लगेच जळतात, पण कडेच्या ज्या रोपांना शेजारच्या विहिरीची थोडी ओल मिळते ती माना टाकतात, तरी काही तास तग धरतात. लकव्यात मेंदूचेही तसेच होते. गाभ्यातील पेशी काही मिनिटांत संपतात. त्यांच्याभोवतीच्या पट्ट्यातील पेशींना शेजारच्या रक्तवाहिन्यांतून जेमतेम रक्त मिळत राहते, त्यामुळे त्या काम थांबवतात, पण जिवंत असतात. तातडीच्या सगळ्या उपचारांची धडपड या पट्ट्यासाठी असते.

गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग तीन तासांच्या आत दिल्यास होतो, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले आणि २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी वर नेऊन गुठळी बाहेर ओढून काढण्याची पद्धत २०१५ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी प्रस्थापित केली. मेंदूच्या चित्रात असा जिवंत पट्टा शिल्लक दिसत असेल, तर निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंतही हा उपाय करता येतो, हे २०१८ मध्ये दिसून आले. या सर्वांआधी सीटी स्कॅन का करतात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. लकवा गुठळीमुळे आहे की रक्तस्रावामुळे, हे बाहेरून ठरवता येत नाही, आणि रक्तस्राव होत असताना गुठळी विरघळवणारे औषध दिले तर ते जिवावर बेतते. म्हणून गाडी कोणत्याही दवाखान्याकडे न वळवता, जिथे सीटी स्कॅन आणि हे औषध दोन्ही आहे तिथेच न्यावी लागते, आणि काटोल, नरखेड किंवा त्याहून लांबच्या गावाहून निघताना तिथे आधी फोन करून खात्री करून घेतली तर बरेच काही वाचते.

हे झाले बचावाचे काम. दुरुस्तीचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, आणि तो कितीतरी अवघड आहे.

त्वचा कापली तर भरून येते, हाड मोडले तर सांधते. हातापायातील तुटलेला चेतातंतूसुद्धा दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढू शकतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या बाबतीत मात्र असे घडत नाही. चेतापेशींची बारकाईने चित्रे काढून मेंदूविज्ञानाचा पाया घालणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांना १९०६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. प्रौढ मेंदूतील मार्ग ठरून गेलेले असतात आणि तिथे नवे काही उगवत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. या निष्कर्षाची छाया पुढे अनेक दशके टिकली, आणि त्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न दीर्घकाळ मागे राहिला: चेतातंतू वाढत नाही, हा दोष तंतूचा की त्याच्या सभोवतालचा?

१९८१ मध्ये कॅनडात अल्बर्ट अग्वायो आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाला सरळ हात घातला. त्यांनी उंदरांच्या पायातील चेतातंतूचा तुकडा काढून तो मज्जारज्जू आणि मेंदूचे बूड यांना जोडणाऱ्या पुलासारखा बसवला. एरवी न वाढणारे मध्यवर्ती तंतू त्या पुलातून काही सेंटिमीटर वाढत गेले, आणि पूल संपून पुन्हा मज्जारज्जूत शिरण्याची वेळ आली तसे थांबले. मला हा प्रयोग या साऱ्या शास्त्रातील सर्वांत आशादायक वाटतो, कारण वाढीची शक्ती संपलेली नाही, तिला अडवणारे काहीतरी बाहेर आहे, हे त्यातून प्रथमच स्पष्ट दिसले. त्यानंतर मार्टिन श्वाब यांच्या झुरिचमधील गटाने त्या अडथळ्याचा माग काढला. तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते, त्यात ‘नोगो’ हे वाढ रोखणारे प्रथिन असल्याचे २००० मध्ये निश्चित झाले. दुसरा अडथळा म्हणजे जखमेभोवती ग्लायल, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या, पेशींनी उभारलेला वण. हा वण सुरुवातीला उपयोगाचाच असतो, कारण तो सूज आणि नासधूस पसरू देत नाही. पण त्याच कुंपणातून पुढे नव्या तंतूंना वाट मिळत नाही. निसर्गाने ही बंधने विनाकारण घातलेली नाहीत. आयुष्यभर शिकलेले सगळे ज्या जोडण्यांत साठवले आहे, त्या जोडण्या मनमानी वाढू लागल्या तर माणसाचे बोलणे, चालणे आणि आठवणी टिकणार नाहीत.

नव्या चेतापेशी जन्मतात का, हा वाद अजून मिटलेला नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत खुल्या वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण एकदम वाढले आणि नंतर हळूहळू उतरले. कोणतीही पेशी जन्मताना आपल्या डीएनएमध्ये त्या वर्षीचा कार्बन सामावून घेते, म्हणून त्यावरून तिचे जन्मवर्ष काढता येते. स्वीडनमधील योनास फ्रिसेन यांच्या गटाने ही युक्ती वापरून २०१३ मध्ये सांगितले की स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये प्रौढ वयातही रोज काही शे नव्या चेतापेशी तयार होतात. २०१८ मध्ये एका गटाला प्रौढांमध्ये अशा पेशी जवळजवळ आढळल्या नाहीत, तर त्याच वर्षी दुसऱ्या गटाला वृद्धांमध्येही त्या आढळल्या. लकवा झालेल्या घराला महत्त्वाचे उत्तर मात्र २०१४ च्या अभ्यासात आहे: ज्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर लकव्याचा आघात झाला होता, त्यांच्या त्या भागातील चेतापेशींचे वय या पद्धतीने मोजले, तेव्हा त्या माणसाच्या वयाइतक्याच जुन्या निघाल्या. आघातानंतर तिथे नव्या पेशींची भरती झालेली नव्हती. म्हणजे मामींना डॉक्टरांनी सांगितलेली पहिली गोष्ट खरीच होती.

दुसरी गोष्टही खरी आहे, कारण हात हलवण्यासाठी अगदी त्याच मेलेल्या पेशी लागतात असे नाही. पहिल्या काही दिवसांत सूज उतरते, गप्प बसलेला तो अर्धमेला पट्टा वाचला असल्यास कामाला लागतो, आणि दूरचे जे भाग केवळ संपर्क तुटल्याने थंडावले होते तेही जागे होतात. त्यानंतर जे होते त्याला पुनर्रचना म्हणावे लागेल. शेजारच्या चेतापेशी नवे फाटे फोडतात, जुन्या पण कमी वापरातल्या जोडण्या बळकट होतात, आणि एका भागाचे काम हळूहळू दुसरा भाग उचलू लागतो. अमेरिकन संशोधक रँडॉल्फ नुडो यांनी १९९६ मध्ये स्क्विरल जातीच्या माकडांवर केलेल्या प्रयोगात हे नकाशासारखे समोर आले. माकडांच्या मेंदूतील हाताच्या भागाला लहानशी इजा केल्यावर, ज्या माकडांना काहीच सराव दिला नाही त्यांच्यात इजेशेजारचा शाबूत भागसुद्धा हाताचे काम सोडून देऊ लागला. ज्यांच्याकडून लहान खळग्यातून खाद्याच्या गोळ्या बोटांनी उचलण्याचा सराव करून घेतला, त्यांच्यात तो भाग टिकला, आणि काहींमध्ये पूर्वी कोपर आणि खांदा सांभाळणाऱ्या जागेतही हाताचा वावर सुरू झाला. न वापरल्याने आणखी गमावणे आणि वापरल्याने शेजारची जागा मिळवणे, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रयोगात एकत्र दिसतात.

अमेरिकन संशोधक एडवर्ड टाउब यांनी याच्याही पुढची एक गोष्ट ओळखली. लुळ्या हाताने काही करू गेले की अपयश येते, चांगल्या हाताने केले की काम होते, म्हणून मेंदू लुळा हात न वापरायलाच शिकतो, आणि पुढे त्यात थोडी शक्ती परतली तरी ही शिकवण सुटत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे जागेपणीच्या बहुतेक वेळी चांगल्या हातावर जाड मोजा चढवून दोन आठवडे लुळ्या हाताकडूनच सगळी कामे करून घेणे. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, आणि लकव्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनी सुरू केलेल्या या उपचाराचा फायदा वर्षभर टिकलेला दिसला. मनगट आणि बोटे थोडी तरी मागे वळत असतील, तरच हा उपाय लागू पडतो, हे मात्र आधी पाहावे लागते.

सराव चांगला म्हणजे जितका लवकर आणि जितका जास्त तितका चांगला, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तेही तपासावे लागले. २,१०४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार उठवून उभे करण्याचा प्रयत्न झाला, आणि २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत त्या गटाचीच प्रगती किंचित कमी निघाली. थोडा थोडा वेळ, पण अधिक वेळा, हे त्यातून घेण्यासारखे सूत्र आहे. भारतातही १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, ज्यात घरातील एका माणसाला प्रशिक्षण देऊन घरीच व्यायाम करून घेण्यास सांगितले होते. २०१७ मधील निष्कर्षानुसार सहा महिन्यांनी असे प्रशिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत फरक नव्हता. घरच्यांचे कष्ट वाया जातात असा याचा अर्थ मी लावत नाही. आपल्याकडे प्रशिक्षण असो वा नसो, घरची माणसे करतातच, आणि थोड्या तासांच्या शिकवणीने प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची जागा भरून निघत नाही, असे मला त्यातून दिसते. तालुक्याच्या ठिकाणी नियमित फिजिओथेरपी मिळणे हाच विदर्भातील खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी आठवड्यातून दोनदा नागपूरला खेपा घालणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

सरावाला जोड देण्याचेही प्रयत्न चालू आहेत. मानेतील व्हेगस चेतातंतूला छोट्या उपकरणाने, हालचाल करतानाच, सौम्य विद्युत धक्का दिला तर मेंदू ती हालचाल अधिक घट्ट लक्षात ठेवतो, या कल्पनेवरील १०८ रुग्णांची चाचणी २०२१ मध्ये यशस्वी ठरली आणि त्याच वर्षी अमेरिकेत त्या उपकरणाला मान्यता मिळाली. त्यातील रुग्णांना लकवा होऊन किमान नऊ महिने झाले होते, आणि काहींना तर कित्येक वर्षे. सहा महिन्यांनंतर काहीच सुधारत नाही, ही जी समजूत वॉर्डात ऐकू येते, तिला धक्का देणारे हे निष्कर्ष आहेत.

औषधांचा इतिहास इतका सुखद नाही. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरील गोळीने हातापायांची हालचाल अधिक परतते, असे ११८ रुग्णांच्या फ्रेंच चाचणीने २०११ मध्ये सुचवले, तेव्हा जगभर आशा पसरली. ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर तीच गोळी सहा महिने देऊन पाहिली, आणि २०१९ मध्ये कळले की रुग्ण अधिक स्वावलंबी झाले नाहीत. नैराश्य थोडे कमी झाले, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. आपल्याकडील अनेक चिठ्ठ्यांवर दिसणारे सिटिकोलिन हे औषध २,२९८ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत, २०१२ मध्ये, औषधी गुण नसलेल्या तशाच डोसपेक्षा सरस ठरले नाही. डोक्याला मार लागलेल्यांना स्टिरॉइड देण्याची जुनी पद्धत तर दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने २००४ मध्ये घातक असल्याचेच दाखवले, कारण औषध घेतलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. हे वाचून कोणी स्वतःहून गोळ्या बंद करू नयेत, विशेषतः रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या, कारण दुसरा झटका त्याच टाळतात.

आता मूलपेशींविषयी, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात त्यांच्याविषयी, कारण या विषयावर सर्वाधिक फसगत होते. संत्र्याच्या बागायतदाराला कलम समजावून सांगावे लागत नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे अंकुर, भरतात, पट्टीने बांधतात, आणि खुंट जिवंत, रसरशीत असेल तर डोळा फुटतो. मेंदूत पेशींचे रोपण करण्याची कल्पना इथपर्यंत तशीच आहे. पुढे मात्र ती फार वेगळी होते. डोळ्याला फक्त खुंटाचा रस मिळाला की पुरते, तर चेतापेशीला जगल्यानंतर नेमक्या कोणत्या पेशीशी जोडायचे, तो पत्ताही शोधावा लागतो.

म्हणूनच या कामात कंपवात (पार्किन्सन) पुढे आहे आणि लकवा मागे. कंपवातात मेंदूच्या बुडाशी असलेल्या एका लहान भागातील, डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या, एकाच प्रकारच्या पेशी मरतात. त्यांची उणीव गोळ्यांनी काही वर्षे भरून निघते. त्या गोळ्यांतील लेव्होडोपा आपल्या रानातील खाजकुइलीच्या बियांतही असते, मात्र बियांतून किती मात्रा पोटात गेली हे कळत नसल्याने गोळीऐवजी बिया खाणे धोक्याचे आहे. स्वीडनमधील लुंड येथे १९८७ मध्ये गर्भातील पेशींचे रोपण सुरू झाले आणि काही रुग्णांना वर्षानुवर्षे फायदा झाला. पण अमेरिकेतील ४० रुग्णांच्या काटेकोर चाचणीत, २००१ मध्ये, फायदा मर्यादित निघाला आणि काहींना आवर न घालता येणाऱ्या हालचाली सुरू झाल्या. २००८ मध्ये तर रोपण केलेल्या, दहा-पंधरा वर्षांच्या तरुण पेशींतही तोच आजार शिरल्याचे शवविच्छेदनात आढळले. खुंटाचा रोग डोळ्यात उतरावा, तसाच हा प्रकार होता.

दरम्यान शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये प्रौढ पेशीला पुन्हा मूळ अवस्थेत नेण्याची रीत शोधली, आणि त्याबद्दल त्यांना २०१२ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तिच्या आधारे क्योटोमध्ये प्रयोगशाळेत तयार केलेल्या डोपामिन-पेशी २०१८ पासून सात रुग्णांच्या मेंदूत सोडण्यात आल्या. एप्रिल २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि त्यांच्याबरोबरच, भ्रूणातील मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी दिलेल्या उत्तर अमेरिकेतील १२ रुग्णांचेही. पेशी जगल्या, डोपामिन तयार करू लागल्या आणि गाठी झाल्या नाहीत. पेशी सुरक्षित आहेत का, हे पाहणे हाच या चाचण्यांचा मुख्य हेतू होता. उपचार म्हणून त्या किती उपयोगी आहेत, हे मोठ्या तुलनात्मक चाचण्यांतच ठरेल.

लकव्यात एकाच जागी अनेक प्रकारच्या पेशी, त्यांचे लांबवर गेलेले तंतू आणि रक्तवाहिन्या सगळेच जाते. भारतातील पाच केंद्रांत १२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून दिल्या गेल्या. २०१४ मधील निष्कर्ष असा की उपचार सुरक्षित होता, पण त्याचा उपयोग झाला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही मान्य आजार वगळता मूलपेशी नोंदणीकृत चाचणीबाहेर उपचार म्हणून देता येत नाहीत. मामांसाठीही एका ठिकाणाहून काही लाखांचा ‘पॅकेज’ सांगण्यात आला होता. चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारल्यावर तो फोन पुन्हा आला नाही, आणि मामींनी त्या पैशांतून वर्षभराच्या फिजिओथेरपीची सोय केली.

अल्झायमरमध्ये दुरुस्ती अजून दूर आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे औषध मेंदूत साचलेले अमायलॉइड नावाचे प्रथिन काढते आणि सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांची घसरण दीड वर्षात सुमारे २७ टक्के मंदावते, पण गेलेली आठवण परत आणत नाही, आणि काहींच्या मेंदूला सूज येते किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतो. जिथे जोडणीच तुटली आहे तिथे यंत्राने वळसा घालण्याचेही काम चालू आहे. मेंदूच्या खोडातील लकव्याने वाचा गेलेल्या एका स्त्रीच्या मेंदूवरील संदेश टिपून संगणकाने मिनिटाला ७८ शब्दांच्या वेगाने तिचे बोलणे मांडल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

मामांचा सराव मात्र साध्या वस्तूंवर चालतो. लकव्यानंतरच्या उपचाराच्या एका सत्रात हाताची उपयुक्त हालचाल सरासरी किती वेळा होते, हे मोजून २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ती ३२ वेळा निघाली. मेंदूचा नकाशा बदललेला ज्या प्राण्यांमध्ये दिसला, त्यांच्या सरावात ती शेकड्यांनी होती. हे आकडे सांगितल्यावर त्यांच्या फिजिओथेरपिस्टने व्यायामाऐवजी काम द्यायचे ठरवले आणि कलमाच्या पट्ट्या आणायला सांगितल्या. खुंटाऐवजी लाकडी काठीवर उजव्या हाताने पट्टी गुंडाळायची, गाठ मारायची, सोडायची. पहिल्या आठवड्यात रोज अकरा व्हायच्या. आता मामी पाटीवर रेघा ओढतात, आणि परवा मी गेलो तेव्हा संध्याकाळपर्यंत दोनशे चाळीस झाल्या होत्या.